फुटक्या कपांचा कोंबडा

"हा बेवारस कोंबडा कोणी बांधला, काही कल्पना आहे का—?"

शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून सिमेंटच्या कोंबड्याच्या मानेवर फुटक्या कपाची कपची बसवणाऱ्या तिने मागे वळूनही पाहिले नाही. "बेवारस? मग मी काय इथे कावळे हाकायला चढलेय?"

खालचा तरुण ओशाळला. आडरस्त्यांवरची प्रेक्षणीय स्थळे शोधून त्यांचे पुस्तक लिहिण्यासाठी तो मोटारसायकलीवरून भुवयांपर्यंत धूळ माखत हिंडत होता. हा दोन पुरुष उंच कोंबडा तिच्या गवंडी वडिलांच्या हातचा. पूर्वी त्याच्यापाशी प्रत्येक गाडी थांबत असे; टेकडीपलीकडून नवा रस्ता झाला आणि गाड्या आटल्या. तरीही पंचक्रोशीत कोणाच्या घरी कप फुटला, तर त्याचे तुकडे केरात जात नसत. ते तिच्याकडे येत, आणि दर रविवारी ती ते कोंबड्याच्या अंगावर चढवीत असे.

पुढच्या रविवारी तो निळ्या कपाचे तुकडे घेऊन हजर झाला. तिने एक तुकडा उजेडात धरला.

"हा फुटलेला नाही, फोडलेला आहे. चहाचा डागसुद्धा नाही याला."

"पुढच्या वेळी… पिऊन फोडतो."

ती हसली, आणि तो तुकडा तिने कोंबड्याच्या थेट छातीवर बसवला.

तिसऱ्या रविवारी मात्र त्याने छपाईपूर्वीचे पान दाखवले, आणि तिचे हसू मावळले. प्रकरणाचे नाव होते— 'विसरलेली ठिकाणे'.

"कोण विसरलंय? या नावाखाली आमचा कोंबडा नको."

"प्रकाशक नाव बदलणार नाही. पण पुस्तकात आला तर लोक येतील हो!"

तिने अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या वडिलांकडे पाहिले. त्यांनी पुस्तकाची वार्ता साऱ्या गावाला सांगून ठेवली होती. तिची मान मात्र ताठच राहिली.

"नको म्हटलं ना!"

त्यानंतरचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा ती शिडीवर होती.

"भांडलो प्रकाशकाशी. ऐकेना, तेव्हा पान काढून घेतलं."

ती वरूनच खाली बसलेल्या वडिलांकडे वळली. "बाबा, माझ्या हट्टापायी तुमचं नाव छापायचं राहिलं…"

"तुझ्या जागी मी असतो तर पान फाडलंच असतं," म्हातारा रुबाबात म्हणाला. "पण काय हो लेखक, पुस्तकाचं काम तर मिटलं. मग आज येणं कशासाठी केलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "हिच्यासाठी," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," ती वरून म्हणाली. "इथे वारा फार आहे. मोठ्यानं बोला—"

झाडाचे पानही हलत नव्हते. त्याने एकदा त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते पुन्हा सांगितले.