कस्तुरीचं मत

तुम्ही चोर आहात. साधे चोरसुद्धा नाही, कारण साधा चोर माल घेऊन पळतो तरी. तुम्ही आमच्या घरातून आमच्याच तोंडचे शब्द नेलेत, त्यांना आकडा लावलात आणि तो आकडा आमच्या कपाळावर चिकटवून परत पाठवलात. वर म्हणता, हे जनतेच्या भल्यासाठी. तुमच्या प्राधिकरणाच्या काचेच्या इमारतीत इचलकरंजीची वैजयंता बुगड कुणाला आठवत नसेल, तर मी, तिच्याच गल्लीतला एक माणूस, आठवण करून देतो. पूर्ण वाचा. मधेच बंद करू नका.

इचलकरंजी हे यंत्रमागांचं गाव. मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं शेजारी बसलेल्याशीही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलतात. वैजयंता त्यातलीच. ती कापड तपासायच्या कामाला जायची. तिचा नवरा शिवदास जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. दोघांना मूल नव्हतं. संध्याकाळी मालिका लागली की गल्लीतल्या चार बायका तिच्या घरी जमायच्या, कारण तिचा टीव्ही मोठा आणि तिची जीभ त्याहून मोठी.

"अगं ए सटवे, तिकडं दूध उतू चाललंय आणि तू हितं कट रचत बसलीस व्हय!" ती पडद्यावरच्या सुनेवर ओरडायची.

"तिला ऐकू जात न्हाई," आतून शिवदास म्हणायचा.

"तिला न्हाई, पर तिच्या सासूला जात असंल," शेजारची मालनकाकी म्हणायची. "हिचा आवाज काय साधा हाय?"

ऐकू जात होतं. सासूला नव्हे, तुम्हाला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाला थेट विचारलं, 'तू दुष्ट आहेस का?' तर दुष्ट माणूसही नाही म्हणतो. पण डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतो तेव्हा पाय आपोआप उडतो. खोटं बोलायला पायाला सवड मिळत नाही. घरी पाय पसरून सिनेमा बघणारा माणूस असाच असतो. कुणाची दया आली, कुणाचा संताप आला, कुठल्या लबाडीवर हसू फुटलं, हे त्याच्या तोंडून सहज निसटतं. एका उद्गारावरून काही कळत नाही. पण काही वर्षांचे हजारो उद्गार एकत्र केले, की जमिनीचा उतार दिसावा तसा मनाचा उतार दिसतो, आणि उतार कळला की पाणी कुठं जाणार ते सांगता येतं. ही कल्पना डॉ. मुकुल रेगे यांची. टीव्हीत मायक्रोफोन आधीपासून होताच. त्यांनी त्याला ऐकलेल्याचा अर्थ लावायला शिकवलं. या यंत्रणेचं नाव 'कानोसा'. आणि त्यातून निघणारा आकडा म्हणजे 'कौलांक'. तुमच्या मनाचा कौल चांगल्याकडे किती आणि वाईटाकडे किती, याचा अंक.

कल्पना हुशारीची होती, हे मी नाकारत नाही. तुम्ही ती हातात घेतलीत आणि तिची वाट लावलीत.

नोकरीला कौलांक. कर्जाला कौलांक. भाड्यानं खोली घ्यायला कौलांक. मुलगी बघायला आलेली माणसं चहाच्या आधी कौलांक विचारू लागली. मग लोक शहाणे झाले. अभिप्राय कसे द्यावेत याचे वर्ग निघाले. खलनायकानं अख्खं कुटुंब कापून काढलं तरी सोफ्यावरचा माणूस टीव्हीकडे तोंड करून म्हणू लागला, "त्याचं बालपण कठीण गेलं असणार." टीव्ही बंद ठेवायचीही सोय नव्हती. ज्या घरातून काहीच ऐकू येत नाही त्या घरावर 'अबोल' असा शेरा बसायचा, आणि अबोल घराला खुनी माणसापेक्षा वाईट वागणूक मिळायची.

वैजयंतानं यातलं काही मनावर घेतलं नाही. मूल दत्तक मागेपर्यंत.

तुम्ही नकार दिलात. कारण विचारायला ती थेट पुण्याला, डॉ. रेग्यांच्या दारात जाऊन बसली. माणूस भला होता. त्यानं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि एक बटण दाबलं. खोलीत तिचाच आवाज घुमला: "पळ बाई, पळ! मागं बघू नको! सोडलंस ते बेस केलंस!"

"हा आवाज तुमचा?"

"माझाच की. कधीचा हो?"

"आई आपल्या मुलाला बसस्टँडवर सोडून जाते, तो प्रसंग. तुम्ही आईची बाजू घेतलीत. मोठ्यानं. आणि हसत."

"अहो साहेब, ते पोरगं बघितलंसा का तुम्ही? असलं खोटं रडत हुतं! एक डोळा आईकडं आणि एक कॅमेऱ्याकडं. त्याला मीच काय, एसटीच्या कंडक्टरनं बी उतरवून दिलं असतं."

रेग्यांना हसू आलं. त्यांनी ते लगेच आवरलं. त्यांच्या खोलीतही टीव्ही होता.

"यंत्राला नटाचं रडणं कळत नाही, बाई. मूल टाकलं गेलं आणि तुम्ही खूश झालात, एवढंच त्याला कळतं. त्यात तुमचा आवाज चढलेला. चढलेला आवाज म्हणजे राग, असं गणित आहे."

"आमच्याकडं चढलेला आवाज म्हंजे नुसता आवाज असतोय. लूम थांबल्यावरबी उतरत न्हाई त्यो."

"ते गणितात धरायला हवं होतं," रेगे म्हणाले. "राहून गेलं."

"मग मला एक खरं पोर द्या आणि बघा की मी कशी वागते. नाटकातल्या पोरावरनं माझी परीक्षा कशाला घेताय?"

रेगे म्हणाले, "खरी मुलं देऊन बघितलेली आहेत. काही मुलं चटके घेऊन परत आली. एकीची पाठ मी स्वतः पाहिली. म्हणून मी हे शोधलं. मूल देण्याआधी कळावं म्हणून."

ते खरं होतं. उठताना वैजयंतानं विचारलं, "आता मी काय करू?"

"थोडे महिने नीट बघा," रेगे म्हणाले. "म्हणजे, नीट बोला."

ती नीट बोलू लागली. गल्लीतल्या बायकांना तिनं येऊ नका म्हणून सांगितलं. "मालिका काय आता देवळात बसल्यागत बघायची?" म्हणत मालनकाकी फणकाऱ्यानं गेली. मग नवरा-बायको पाहुण्यांसारखे सोफ्याच्या दोन टोकांना बसायचे. "मला वाटतं, तिच्या वागण्यामागं काहीतरी कारण असेल," शिवदास छापील मराठीत म्हणायचा. "बरोबर आहे. तिची बाजूही समजून घेतली पाहिजे," वैजयंता म्हणायची. सुरुवातीला शिवदास स्वयंपाकघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसायचा. नंतर हसायचा थांबला. नंतर नंतर तो मागाजवळच्या कामगारांशीही असंच बोलायला लागला, आणि जेवताना दोघांना एकमेकांशी काय बोलावं सुचेना.

आकडा मात्र चढला. आणि कस्तुरी आली.

सात वर्षांची, बारीक, नीट वेणी घातलेली. वर्षभर 'पारख', म्हणजे तुमची देखरेख. ती पार पडली की मूल कायमचं. पहिल्याच दिवशी ती सोफ्यावर पाठ ताठ करून बसली. सिनेमात एक कुत्रा गाडीखाली सापडला. वैजयंतानं तोंड फिरवलं. कस्तुरी टीव्हीकडे बघून स्पष्ट म्हणाली, "गाडीवाल्या काकांना घाई असेल."

लाजाळू असेल, म्हणून वैजयंतानं सोडून दिलं. मग एके दिवशी शिवदासनं दार ओढलं आणि फटीत कस्तुरीचं बोट सापडलं. नख काळंनिळं झालं. पोर पांढरीफटक पडली, पण तोंडातून हूं की चूं नाही. तिनं मान वळवून आधी टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकांनी मुद्दाम नाही केलं. कुणाचीच चूक नाही."

"अगं रड की, बाळा!" वैजयंता तिचं बोट पाण्यात धरून म्हणाली. "लई दुखत असंल. रड!"

"रडल्यावर कमी होतात."

"काय कमी होतात?"

"मार्क. आमच्या हॉलमध्ये सोनल रडायची. तिला कुणीच नेलं नाही."

तेव्हा वैजयंताला कळलं. कस्तुरी वाढली त्या अनाथ मुलांच्या संस्थेच्या हॉलमध्येही टीव्ही होता. आईबाप निवडायला जसा आकडा, तसा मुलं निवडायलाही आकडा. तिनं फोटोखालचा उंच आकडा पाहून हीच पोर मागितली होती. आपण काय निवडून आणलंय, हे तिला आत्ता समजलं.

दुसऱ्या दिवशी ती मालनकाकीच्या दारात गेली. "काकी, आज मालिकेला या. सगळ्याजणी या."

"वैजू, पारख चालू हाय," शिवदास घाबरून, कित्येक महिन्यांनी आपल्या भाषेत बोलला. "नेतील पोरीला."

"माझा आकडा पडंल. पडू दे. दोष माझा निघंल, भांडीन मी. पर ही अशी चावीची बाहुली संभाळायला मी आई झाली न्हाई."

इथं ती चुकली. पण ती चूक तुम्हीच करायला लावलीत.

बायका जमल्या. मालिकेत एक आजोबा नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. नात स्टेजवरून दाराकडे बघत राहते. मालनकाकीनं आजोबाच्या धोतरापासून पगडीपर्यंत सगळ्याचा उद्धार केला. वैजयंतानं कस्तुरीला विचारलं, "तुला काय वाटतंय?"

"आजोबांची काहीतरी अडचण असेल."

"अडचण गेली खड्ड्यात! तुला काय वाटतंय ते बोल."

पोरीनं टीव्हीकडे पाहिलं. सगळ्या बायकांकडे पाहिलं. मग ती सोफ्यावर उभी राहिली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, आणि फुटला तेव्हा मालनकाकीसुद्धा दचकली.

"खोटारडा आहे तो! येतो म्हणाला आणि आलाच नाही! सगळे तसलेच! चांगलं वागलं की घेऊन जातात आणि वाईट वागलं की परत पाठवतात! ही पण मला परत पाठवणार! मला माहितीये!"

आणि ती रडली. बोटाचं, हॉलमधलं, सोनलचं, सगळं एकदम रडली. वैजयंतानं तिला पोटाशी धरलं. "न्हाई पाठवत गं. कोण पाठवतंय? मी बसलीय न्हवं हितं!" मालनकाकी पदरानं नाक पुसत म्हणाली, "चला, जिती हाय पोरगी."

पुढचे काही दिवस त्या घरात काय मजा होती म्हणून सांगू! कस्तुरीला मतं फुटली. "हा हिरो बावळट आहे." "हिला गाता येत नाही, हिला गप्प बसवा." "आई, तू उगाच रडतेस, ती मेलेली नाही, तिचं पोट हलतंय बघ." शिवदास हसून हसून सोफ्यावरून घसरायचा. 'आई' कधी म्हणायला लागली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग तुमचा फोन आला. एका बाईचा, साखरेसारखा आवाज.

"अभिनंदन, वैजयंताताई. तुमचा कौलांक अजूनही उत्तम आहे. मागच्या आठवड्यात किंचित उतरलाय, पण काळजीचं कारण नाही."

"मग फोन कशाला केलासा?"

"मुलीबाबत. तिच्या मतांत पालकांविषयी अविश्वास आणि तीव्र राग आढळलाय. लहान मुलांचे आकडे झटकन हलतात, आणि तिचा फार खाली गेलाय. सुधारणेसाठी तिला संस्थेत परत न्यावं लागेल. सोमवारी गाडी येईल. तुम्ही निराश होऊ नका. तुम्हाला दुसरं मूल मिळेल, हिच्यापेक्षा चांगल्या आकड्याचं."

"दुसरं? भांडं हाय का ते, पोचा आला म्हणून बदलून द्यायला?"

"तुमची भावना आम्ही समजू शकतो," ती बाई म्हणाली.

वैजयंतानं रेग्यांना फोन लावला. ती ओरडत होती, ते ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "मी कालच तुमच्या मुलीचा आवाज ऐकला. वैजयंताबाई, गेल्या कित्येक वर्षांत माझ्या यंत्रानं ऐकलेलं ते पहिलं खरं मत असेल."

"मग सांगा की त्यांना तसं!"

"सांगितलं. त्यांना ठाऊक आहे. सगळे खोटं बोलतात हेही ठाऊक आहे. ते म्हणाले, जो माणूस स्वतःच्या सोफ्यावरसुद्धा आपलं मत गिळतो, तो आम्हाला कुठंच त्रास देत नाही. आम्हाला तेच मोजायचंय." मग म्हणाले, "मी उतार शोधायला निघालो होतो. त्यांनी सगळी जमीनच सपाट करून घेतली."

हे तुमचं म्हणणं आहे. मी त्यात पदरचा एक शब्द घातलेला नाही.

आज रविवार आहे. वैजयंताच्या दारात गल्लीतल्या बायका बसल्यात आणि तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. कानोसा चालू आहे, तेव्हा त्यांचे आकडे तुमच्याकडे पोचलेच असतील. शिवदासनं पान्ह्यांची पेटी उंबऱ्यात आणून ठेवलीय. माग दुरुस्त करायला नव्हे. कस्तुरीला कुणी काही सांगितलेलं नाही. ती आत बसून एका नटाच्या खोट्या मिशीला हसतेय, आणि वैजयंता दर दोन मिनिटांनी तिला बघायला आत जातेय.

उद्या तुमची गाडी येईल. यायचं तर या. पण त्याआधी मला एक सांगा, आणि तुमच्या त्या साखरेच्या आवाजात नको, माणसासारखं सांगा. ती पोर म्हणाली की वाईट वागलं की परत पाठवतात. तिचं मत खोटं आहे म्हणून तुम्ही तिला शिक्षा देत नाही, हे तुम्हीच कबूल केलंय. मग त्या सात वर्षांच्या मुलीनं जे सांगितलं, त्यातला कुठला शब्द चुकीचा होता?

उत्तर द्या.