लाखेचा ठिपका

धुक्यात वाट दिसेना, म्हणून दिपेशनं मोटरसायकल जव्हारच्या बाजारात, जे पहिलं दार उघडं दिसलं त्याच्यापाशी उभी केली. ते दार हर्षदाच्या फोटो स्टुडिओचं होतं.

“पासपोर्ट फोटो?” तिनं विचारलं.

“नको... धुकं ओसरेपर्यंत बसू द्याल?”

“बसा की. पण इथलं धुकं पाहुण्यांचं ऐकत नाही हं.”

२००४ चा ऑगस्ट होता. ठाण्यात कॅमेरे दुरुस्त करणारा हा मुलगा नाशिकच्या एका शौकीन शेठजींसाठी जुने कॅमेरेही शोधत हिंडायचा. त्याची नजर हर्षदाच्या चेहऱ्यावरून — जरा उशिरानंच — कपाटावर गेली. तिथे तिच्या बाबांचा काळा चिनी कॅमेरा होता. मुंबईच्या गोदीत त्यांनी तो एका खलाशाकडून घेतला होता.

“अहो, असे फार थोडे बनले! आणि हा लाल ठिपका बघा. कारखान्यानं स्क्रूवर लावलेली लाख, अजून शाबूत! म्हणजे आत कुणाचा हात लागलेला नाही. शेठजी लाखभर रुपये देतील. ठिपका फुटला, तर मात्र ढुंकून बघणार नाहीत.”

“मग न्या. मला तो घरात नकोच.”

कारणही तसंच होतं. या कॅमेऱ्यातून बघितलं की माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक फिकट. रिंग फिरवून त्या जुळवायच्या, मग फोटो काढायचा. शेजारच्या लाडक्या नावाच्या पोराच्या प्रतिमा बाबांना काही केल्या जुळवता आल्या नाहीत. आठवड्याच्या आत लाडक्या मोखाड्याच्या वाटेवर, घाटातल्या अपघातात गेला. बाबांनी कॅमेरा कपाटावर टाकला तो कायमचा.

हे ऐकून दिपेश हसला. शेठजींना विचारून येतो म्हणाला... आणि मग दर शनिवारी येतच राहिला. शेठजींचं उत्तर काही लवकर मिळेना!

“आज काय हरवलं?” हर्षदा विचारायची.

“इथंच कुठंतरी... सापडत नाहीये.”

ती लाजायची, आणि आत चहाचं दूध उतू जायचं.

शेवटी सौदा ठरला. शेठजी संध्याकाळी नाशिकला वाट बघणार होते, आणि रस्ता मोखाड्याच्या त्याच घाटातून होता. बाहेर धुकं इतकं, की दुपारीच दिवे लागलेले.

“जाता जाता माझा एक फोटो काढा की. याच कॅमेऱ्यानं,” दिपेश म्हणाला.

पायरीवर करटोलीची रानभाजी विकणारी नवशी एकदम म्हणाली, “बाय, त्या डब्यातून नको बघू कोनाला.”

“भिता?” दिपेशनं डोळे मिचकावले.

हर्षदानं चिडून कॅमेरा डोळ्याला लावला. भिंतीवरचं घड्याळ जुळलं. दाराची चौकट जुळली. मग तो. तिनं रिंग फिरवली, पुन्हा फिरवली. दोन दिपेश! ठळक होता त्यानं हसून मान तिरपी केली. फिकट मात्र ताठ उभा होता, दाराकडे तोंड करून. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला.

“नका जाऊ.”

“अहो, आतली काच सरकली असेल... त्या ठिपक्याखालच्या स्क्रूनं जुळते ती.”

“घड्याळ जुळतंय, चौकट जुळतेय! तुम्हीच... तूच जुळत नाहीस. नको ना जाऊस. मला तू हवा आहेस, दिपेश!”

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

दिपेश हसायचं विसरला. त्यानं खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि थेट लाल ठिपक्यात खुपसला. लाखेचा भुगा टेबलावर पडला.

“काय केलंस हे! शेठजी...”

“आता ते हात लावणार नाहीत. नाशिकला जायचं कामच उरलं नाही.” तो पाठमोरा होऊन कॅमेऱ्यावर वाकला. थोड्या वेळानं म्हणाला, “आता बघ.”

तिनं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. फिकट दिपेश सावकाश वळला. तिच्याकडे बघत बघत खऱ्या दिपेशमध्ये मिसळून गेला.

“जुळलं!” ती रडता रडता हसली. “स्क्रूच ढिला होता तर... आणि मी वेडी!”

दिपेशचा चेहरा मात्र उतरला होता.

“हर्षदा, स्क्रू घट्ट होता. अगदी जागच्या जागी. मी तो फिरवलाच नाही.”

हर्षदानं कॅमेरा परत कपाटावर ठेवला. मग तिनं हात पुढे केला.

“गाडीची किल्ली दे.”

त्यानं निमूटपणे किल्ली तिच्या हातावर ठेवली. हात मात्र परत घेतला नाही.