जयदेवरावांची हिरवी एमजी

बदलापूर गावातल्या जयदेवरावांची हिरवी एमजी सकाळी गिऱ्हाईकासमोरच जळाली.

साठ-बासष्ट सालची, दोनच माणसांची ती उघडी विलायती गाडी. जयदेवरावांनी ती भंगारातून उचलली आणि अंबरनाथ पश्चिमेच्या राजरत्न मिस्त्रीने तिचा खिळान् खिळा नवा केला. आता ती विकायला काढली होती. जयदेवरावांनी चावी फिरवली आणि बॉनेटखालून धूर आला. गिऱ्हाईक आल्या पावली पुण्याला परतलं.

"राजरत्नाचंच काम. संध्याकाळी पोलिसांत देतो त्याला," जयदेवराव म्हणाले. "आपल्या बाळने पाहिलाय ना गाडीपाशी!"

बाळकाकांनी मान खाली घातली. ते जयदेवरावांचे शेजारी. उल्हासनगरच्या गुप्तहेर मैत्रेयीला तेच आपल्या रिक्षातून सगळीकडे नेत. काल संध्याकाळी राजरत्न गाडी पुसताना दिसला, एवढंच ते सहज बोलून गेले होते. त्याचा असा आळ होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जिवाला लागलं, म्हणून तेच मैत्रेयीला घेऊन आले होते.

"काल इथे कोण कोण होतं?" मैत्रेयीने विचारलं.

"आख्खा गाव व्हता," जयदेवरावांच्या पत्नी ठमाबाई म्हणाल्या. "आमचे पोरीची, करिष्माची हलद. मधीच लाइट गेली. बाळभावजींनी फोकस लावला, नाय तं काळोखानच लावली असती."

गाडीचा सिंधी दलाल हरेश अंगणात घाम पुसत होता. "साईं, गाडी विकली तर माझी दलाली. जाळून मी काय खाऊ, धूर?"

जयदेवरावांचा धाकटा मुलगा धर्मेश फणकारला. "मला विकायची नव्हती, खरंय. पण काल मी मांडवातून हललोच नाही. डीजेवाल्याला विचारा!"

राजरत्न फाटकाबाहेर उभा होता. त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

"ताई, मी गाडी पुसून हळद सुरू व्हायच्या आधीच गेलो."

"थांबला नाहीस?"

"बोलावलं नव्हतं." तो चपलेकडे बघत राहिला. "उद्या माझ्याकडे गाडी कोण देईल, तेवढं बघा."

"या गाडीची बॅटरी कशी जोडतोस?"

"उलटी. आपल्याकडे मायनस बॉडीला लावतात. या जुन्या विलायतीला प्लस."

बाळकाकांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती रिकामी होती.

मैत्रेयीने सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं, राजरत्नालाही. बॉनेट उघडलं.

"बघा. मायनस बॉडीला. बॅटरीचा प्लसचा जाड खिळा मायनससाठीच्या लहान क्लॅम्पमध्ये, वायरीच्या पकडीत, बसेना, म्हणून पान्याने ठोकून बसवलाय. गाडी जाळायची असती तर वायर सोलून बॉडीला टेकवली असती, एवढी खटपट कुणी केली नसती. कुणीतरी बॅटरी काढून नेली आणि आपल्या सवयीने परत जोडली. चावी फिरताच वायरिंग गेलं. राजरत्न ही चूक करणार नाही."

"मुद्दाम केली असेल!" जयदेवराव म्हणाले.

"क्लॅम्पवर पिवळं काय आहे?"

ठमाबाईंनी बोट लावून पाहिलं. "हलद."

"ज्याला हळदीला बोलावलंच नाही, त्याच्या हाताला ती लागेल कशी?"

जयदेवराव वाकून क्लॅम्प पाहू लागले.

"मग बॅटरी नेली कशाला? काल अंधारात फोकस कशावर लागला?" मैत्रेयी बाळकाकांकडे बघत नव्हती.

बाळकाकांनी हातातली बाटली खाली ठेवली. ते पुढे आले.

"माझ्या रिक्षाची बॅटरी दम धरेना. घाईत हिची काढली, लाइट आल्यावर लावली. रिक्षाला लावतो तशीच." त्यांनी राजरत्नाकडे बोट दाखवलं. "मघाशी हा उलटी म्हणाला ना, तेव्हाच मला कळलं. तरी तोंड शिवून उभा राहिलो. म्हटलं, बघू, कदाचित कुणाला समजणार नाही."

त्यांनी राजरत्नापुढे हात जोडले. राजरत्नाने ते धरून खाली केले.

"काका, एक हाक मारायचीत," तो म्हणाला. "मी आलो असतो."

तो वाकून जळालेल्या वायरी बघू लागला. ठमाबाईंनी जयदेवरावांकडे पाहिलं. ते बॉनेटकडेच बघत राहिले, तेव्हा त्या आत गेल्या आणि हळदीच्या घरच्या जेवणाचं ताट वाढून बाहेर आल्या. राजरत्नाने वर पाहिलं नाही. ताट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.