शनिवारचा दहीभात

फोन पुष्करचा होता. आवाज घाबरलेला.

“मॅडम, लवकर या. सुधीर सर टेबलावर डोकं टेकून झोपलेत. हलवलं तरी उठत नाहीत.”

पद्मावतीबाई जाधव हैदराबादच्या जामबागेत शाळेच्या मागच्याच गल्लीत राहत. पोलिसांत सब-इन्स्पेक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर शाळेच्या समितीवर आल्या. सुट्टीत शाळेचा हॉल इंग्रजीच्या उन्हाळी शिबिराला दिला, तो त्यांच्याच सहीने. शिबिर अजून सुरू झालं नव्हतं, शिक्षकांची तयारी चालली होती. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीतून स्ट्रेचर बाहेर येत होतं. शिबिराचे प्रमुख सुधीर सर त्यावर निपचित पडले होते. आत टेबलावर अर्धी वाटी दहीभात उरला होता. शेजारी दह्याचं भांडं.

“कुणी कशाला हात लावू नका,” त्या म्हणाल्या.

दुपारी डॉक्टरांचा निरोप आला. पोटात झोपेच्या गोळ्या गेल्या आहेत, पुष्कळ. वाचतील की नाही, आज सांगता येत नाही. दह्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरी पूड साचलेली होती, ती इन्स्पेक्टरने आधीच बाटलीत भरून घेतली होती.

इन्स्पेक्टर तरुण होता. पद्मावतीबाईंच्या हाताखाली त्याने काम शिकलं होतं.

“मॅडम, सरळ केस आहे. दहीभात कालवला रेणूने, इथल्या शिक्षिकेने. मुलांना इंग्रजीतून पाककृती शिकवायचा तिचा खेळ होता. सुधीर सरांचा नियम असा की मुलांकडून जे करून घ्यायचं, ते शिक्षकांनी आधी स्वतः करून बघायचं. खायचं असेल तर ज्याचा खेळ त्याने आणि सरांनी, दोघांनी खायचं. सरांनी खाल्लं. रेणूने खाल्लं नाही. उपवास आहे म्हणाली.”

“मग?”

“त्याच्या तासभर आधीच सगळ्यांच्या समोर बशीभर उपमा खाल्ला होता! संध्याकाळी घेऊन जातो तिला.”

“संध्याकाळपर्यंत मला बोलू दे त्यांच्याशी.”

“बोला. तुम्हाला नाही कोण म्हणणार?”

*

रेणू विद्यानगरची. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत. डोळे रडून सुजले होते.

“अक्का, माझी पोरगी चार वर्षांची आहे. मला नेलं तर तिला कोण बघणार? नवरा दुबईला, सासूला नीट दिसत नाही.”

“रडू नको. विचारते त्याचं उत्तर दे. दही कुणी आणलं?”

“मीच. काल सकाळी आणून इथल्या फ्रीजमध्ये ठेवलं. फ्रीज काय, सगळेच उघडतात.”

“सर खाताना काही बोलले?”

“कडू लागतंय म्हणाले. मी म्हटलं, लोणच्यातली मेथी असेल.”

“तू का खाल्ला नाहीस?”

“शनिवार ना, अक्का. मी शनिवारी भात नाही खात. सासूने धरायला लावले शनिवार, वेंकटेश्वराचे.”

“उपमा चालतो?”

“हौ, टिफिन चालतो की!” रेणूने डोळे पुसले. “उपमा, इडली, चपाती. फक्त भात नक्को. तुम्हाला तर ठाऊकच आहे. ती पुण्या-मुंबईची माणसं मला खोटारडी म्हणायलीत. उपवासाला साबुदाणा खातात म्हणे.”

“सरांशी तुझं भांडण?”

पद्मावतीबाई थांबल्या. थांबणं त्यांना चांगलं जमायचं.

“भांडण नाही,” रेणू शेवटी म्हणाली. “पण यंदा मी सरांना म्हटलं होतं, तो टोपीचा खेळ नका घेऊ.”

“कसला खेळ?”

“जो पोरगा इंग्रजी सोडून दुसरं बोलेल, त्याला कागदाची टोपी. गाढवाच्या कानांची. दुसरं कुणी चुकेपर्यंत घालायची. मागच्या वर्षी एक पोरगा होता, मराठी शाळेतला. सुट्टीला मामाकडे कुकटपल्लीला आलेला. त्याला इंग्रजी येईचना. टोपी त्याच्या डोक्यावरून उतरलीच नाही. शेवटच्या दिवशी पालकांच्या समोर सरांनी त्याला टोपीसकट स्टेजवर उभं केलं. भाषण कर म्हणाले. पोराची चड्डी ओली झाली, अक्का. सगळा हॉल हसला.”

“आणि तू?”

“मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. ग्रुपवर टाकला. तिथून कुठं कुठं गेला, देवाला ठाऊक.”

“पोराचं नाव?”

“ओमकार. आडनाव आठवत नाही.”

*

पुष्कर नाटक शिकवायचा. मूळचा मुंबईचा, हैदराबादेत येऊन दोन वर्षं झालेली. हातातल्या बाटलीचं झाकण तो सारखं फिरवत होता.

“माझं सरांशी वाजलं होतं, मॅडम. तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. मी बसवलेलं नाटक त्यांनी कापलं. पण त्यासाठी कुणी जीव घेतं का?”

“मी तसं म्हटलं का? दहीभात आजच का होता?”

“गुरुवारी होता खरं तर. पण गुरुवारी श्रुती आली नाही, भावाला ताप होता. तिच्याशिवाय सर काही करत नाहीत, म्हणून शनिवारवर गेलं.”

“तुला रेणूच्या शनिवारची माहिती होती?”

“तिचं काहीतरी असतं एवढं माहीत होतं. मागच्या शनिवारी आम्ही उशिरापर्यंत बसलो होतो, तेव्हा सगळ्यांना व्हेज बिर्याणी मागवली. हिच्यासाठी तेवढा डोसा आला. मी चेष्टा केली, बिर्याणीच्या गावात राहून डोसा? तर म्हणाली, गप ओ, तुम्हाला काय कळतंय.”

“मागवलं कुणी?”

“श्रुतीने. खाण्यापिण्याचं तीच बघते. आम्ही तिला अन्नपूर्णा म्हणतो.” तो हसायला गेला आणि थांबला.

“तिचा भाऊ काय करतो?”

“कधी दिसला नाही. शाळकरी आहे. घराबाहेर पडत नाही, बोलत नाही म्हणे. त्याचे उपचार इथे चालू आहेत, त्यासाठीच तिने पुण्याची नोकरी सोडली आणि जानेवारीत इकडे आली.”

*

श्रुती शिबिराचं सगळं नियोजन बघायची. कोणत्या दिवशी कोणता खेळ, कोणती गोष्ट, कोणती सहल. ती नीटनेटकी, हळू बोलणारी होती. प्रश्नाला तेवढंच उत्तर.

“तुम्हाला कुणावर संशय आहे?”

“नाव घ्यायला नको वाटतं, काकू.”

“घ्या.”

“रेणूनेच कालवलं ना? वर उपवासाचं नाटक. आमच्याकडे उपवासाला साधं मीठसुद्धा चालत नाही कित्येक घरांत. ही उपमा खाते आणि मग उपवास सांगते. मी तर थक्क झाले.”

“तिचा शनिवार असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“आज पहिल्यांदा ऐकलं.”

“गुरुवारी तुम्ही आला नाहीत?”

“घरी अडचण होती.”

“भावाला ताप?”

श्रुतीने मान वर केली. पहिल्यांदाच तिची नजर क्षणभर हलली.

“हो.”

पद्मावतीबाई उठून बाहेर गेल्या. व्हरांड्यात इन्स्पेक्टर उभा होता. त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्या. तो लगेच जीपकडे गेला.

*

ऊन कललं तेव्हा तो परत आला आणि नुसती होकाराची मान हलवली. पद्मावतीबाईंनी तिघांना त्याच खोलीत बोलावलं. रेणू दाराजवळ उभी राहिली, जणू आत्ताच कुणी तिचा हात धरणार होतं.

“बस, रेणू. तुला कुणी नेत नाही,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “माझ्याही मनात पहिल्यांदा तूच आलीस. पण विचार केला, सरांना मारायचं असतं तर ही आजचा दिवस कशाला धरेल? हिने खायला नकार दिला की सगळ्या बोटांनी हिच्याकडेच दाखवायचं, हे लहान पोरालाही कळेल.”

“मग कुणी?” पुष्करने विचारलं.

“ज्याला तेच हवं होतं, त्याने. नियमाप्रमाणे दहीभात दोघं खाणार. विष घालणाऱ्याला एकजण मेलेला हवा होता आणि दुसरी जिवंत, बेड्यांत. म्हणून दिवस शनिवारचा पाहिजे आणि पदार्थ भाताचा पाहिजे. हिचा शनिवार म्हणजे भात बंद, टिफिन चालू, हे ज्याला नक्की ठाऊक, त्यालाच ही मांडणी जमेल. आमच्या गावात हे घरोघरी आहे. तेलुगू शेजाऱ्यांकडून आमच्या मराठी घरांत कधी आलं, कुणालाच आठवत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र ते खोटं वाटतं. तुला वाटलं, पुष्कर, आणि इन्स्पेक्टरलाही तुझ्या सांगण्यावरून वाटलं.”

त्या श्रुतीकडे वळल्या.

“तुम्हालाही वाटलं म्हणालात. आज पहिल्यांदा ऐकलं म्हणालात. मग मागच्या शनिवारी सगळ्यांना बिर्याणी आणि रेणूला डोसा कसा मागवलात? तो तांदळाचाच असतो, तरी हिला चालतो. इतकं बारीक विचारून घेणारी बाई आज उपमा बघून थक्क कशी होते?”

श्रुतीने ओढणी सारखी केली.

“गुरुवारी तुम्ही मुद्दाम आला नाहीत. तुमच्याशिवाय काम थांबतं आणि पुढची बैठक शनिवारी, हे तुम्हीच ठरवलेलं होतं. काल फ्रीजमध्ये दही आलं. पूड तुम्ही घातलीत. राहिला प्रश्न, का? तर इन्स्पेक्टर आत्ता कुकटपल्लीला तुमच्या घरी जाऊन आले. तुमच्या भावाला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या तिथे असायला हव्यात. रिकामी पाकिटं आहेत, गोळ्या नाहीत. भावाचं नाव ओमकार.”

रेणूच्या तोंडून आवाज फुटला. पुष्करने बाटली खाली ठेवली.

श्रुती शांतपणे रेणूकडे बघत होती.

“तुला आडनावसुद्धा आठवलं नाही ना?” ती म्हणाली. “मुलाखतीला मी माझं पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा वाटलं, आता हे दोघं दचकतील. कुणी दचकलं नाही. पहिल्याच बैठकीत सरांनी तो व्हिडिओ लावला. हा खेळ सगळ्यांत जास्त गाजतो म्हणाले. मी तिथे बसून तो पूर्ण पाहिला. तू काढताना हसतेस, रेणू, ते त्यात ऐकू येतं. माझा भाऊ वर्षभर बोललेला नाही. मला वाटलं, एकाचं तोंड कायमचं बंद करावं आणि दुसरीला भर चौकातून नेताना लोकांनी मोबाइल धरावेत.”

“माझी मुलगी...” रेणू म्हणाली.

“तो पण कुणाचातरी होता.”

इन्स्पेक्टर पुढे आला. श्रुतीने विरोध केला नाही. दारातून जाताना तिने विचारलं, “सुधीर जगला?”

“अजून तरी,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

“वाईट झालं,” श्रुती म्हणाली आणि गेली.

*

सुधीर सर तिसऱ्या दिवशी उठून बसले. पद्मावतीबाई दवाखान्यात गेल्या. मागे रेणू होती.

“तुमचे फार उपकार, मॅडम,” सर म्हणाले. आवाज अजून जड होता. “त्या बाईला जन्मठेप व्हायला हवी. शिबिर पुढच्या आठवड्यात घेऊ. मुलांचं नुकसान नको.”

“श्रुतीने केलं ते तिला भोगावं लागेल. तिला मीच पकडून दिलं,” पद्मावतीबाई स्टूल ओढून बसल्या. “आता तुमचं. लहान मुलाचा छळ केल्याची तक्रार मी काल दिली. समितीने हॉल काढून घेतलाय. इन्स्पेक्टर खाली थांबलेत, तुम्हाला बोलता येण्याची वाट बघत.”

“छळ? तो खेळ होता! कोण म्हणतं छळ?” सर उशीवरून उठायला लागले. “पुरावा काय? कोण साक्ष देणार?”

पद्मावतीबाई रेणूकडे बघतही नव्हत्या.

रेणूला जायचं असतं तर दार मोकळं होतं. संशयातून सुटून तिला दोनच दिवस झाले होते, आणि साक्ष दिली तर व्हिडिओ काढल्याबद्दल तक्रारीत तिचंही नाव येणार होतं. ती पुढे आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

“मी देणार, सर,” ती म्हणाली. “मीच तर काढत होते.”