सात वाजताची एक रिंग

“मामा, तुम्हीच बघा. यात बाबांचा फोन आलेलाच नाही.”

भाचीने आपला मोबाइल टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. परवाच ती परदेशातून परतली होती, हॉकीची स्पर्धा जिंकून. संघाची ती गोलकीपर. विमानतळावरून सरळ घरी गेली तेव्हा तिला कळलं, की आई जाऊन पाच दिवस झाले. आणि दारातच वडिलांनी तिला विचारलं होतं, “आता आलीस?”

त्यानंतर ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

मामांनी चष्मा पुसला. अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला हा माणूस. सुरुवातीची बारा ट्रंक कॉल जोडण्यात गेली. आता पुस्तकं बरी आणि आपण बरे. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे. पण गेलेली बाई त्यांची सख्खी ताई होती, आणि समोर बसली होती ती ताईची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी.

“दाजी म्हणतात, त्यांनी फोन केला. तू उचललास. ‘हो बाबा’ म्हणालीस.”

“मी नाही उचलला.”

“दाजी खोटं बोलत नाहीत.”

“मग मी बोलतेय?”

“नाही,” मामा म्हणाले. “तूही नाही.”

ती बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. संघाचं जाकीट अजून तिच्या अंगावर होतं. मामांनी सहज विचारलं तर म्हणाली, कपडे बॅगेत आहेत आणि बॅग चिमणीकडे. चिमणी म्हणजे राखीव गोलकीपर, तिकडे हिच्याच खोलीत राहिलेली. तिने परतताना दोन्ही बॅगा आपल्या नावावर चढवल्या. म्हणाली, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळू नकोस, तू सरळ घरी जा. फार गुणाची मुलगी.

“मामा, खेळ सुटला तरी चालेल मला. पण आई जातेय हे कळूनही मी आले नाही, असं मनात धरून बाबांनी उरलेले दिवस काढू नयेत. एवढं करा.”

मामांना म्हणायचं होतं की मी कोण करणार, मला काय कळतं. पण ते बोलले नाहीत. कारण या सगळ्यातली एक गोष्ट त्यांचीच होती, आणि ती त्यांना दोन दिवस आतून कुरतडत होती.

ती सात वाजताची रिंग.

दाजींचा फोन जुना, बटणांचा. त्यावर लेखी निरोप त्यांना जमत नसे, आणि परदेशी लाइनवर शब्द तुटत. म्हणून मामांनीच युक्ती काढून दिली होती. भाचीने रोज इथल्या सातच्या ठोक्याला फोन करायचा, एकदा वाजू द्यायचा आणि कापायचा. एक रिंग म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे मला फोन करा. सगळ्यांना ती युक्ती फार आवडली होती. ताई तर सात वाजता फोन मांडीवर घेऊन बसायची.

* * *

दाजी खिडकीशी बसले होते. मामांनी विचारलं तेव्हा त्यांनी फोन पुढे केला.

नोंद होती. मागल्या आठवड्यातला बुधवार, संध्याकाळचे सहा दहा, अडतीस सेकंद. म्हणजे फोन लागला होता आणि कुणीतरी उचललाही होता.

“तुम्ही काय म्हणालात?”

“लागल्यावर बोललो. आईला दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणतात, लगेच निघ.”

“हॅलो वगैरे?”

“ती परदेशी लाइन. आधी बोलून घ्यावं लागतं, नाहीतर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. तुम्हीच शिकवलंत.”

“तिकडून काय आलं?”

“‘हो बाबा.’ बारीक आवाजात. मग कट.”

“परत का नाही केलात?”

दाजींनी मान वर केली. डोळे कोरडे ठणठणीत होते. “पन्नास मिनिटांनी सात वाजले. एक रिंग आली. मी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सात वाजता, परत एक रिंग. आई मरतेय असं सांगितल्यावर पोरगी रोज कळवते, मी ठीक आहे. मी काय करायला हवं होतं? पाया पडायला हवं होतं?”

शुक्रवारी सकाळी ताई गेली होती. आणि बुधवारपासून दाजी सगळ्यांना एकच सांगत होते, की कळवलंय, निघालीय. मामा स्वतः ताईच्या उशाशी बसून होते. त्यांनीही विश्वास ठेवला. एक फोन स्वतः करून बघावा असं त्यांना सुचलं नाही. आणि ताई गेल्यावर दाजींनी बजावलं, आता तिला कुणी काही कळवायचं नाही.

* * *

प्रशिक्षक मैदानावर भेटला. गोरा, जाड, बोलघेवडा माणूस. मामांनी वेळेचा हिशेब आधीच मांडून आणला होता. तिकडची घड्याळं साडेतीन तास मागे. इथले सहा दहा म्हणजे तिथले दुपारचे दोन चाळीस.

“बुधवारी दोन चाळीसला माझी भाची कुठे होती?”

“गोलात. दोन ते सव्वातीन मी तिला एकटीला पेनल्टीचा सराव दिला. तीन पोरी मारत होत्या, ही अडवत होती.”

“फोन?”

“मैदानावर फोन आणला तर मीच फोडीन, हे सगळ्यांना ठाऊक आहे.” मग तो जरा ओशाळला. “मामा, लोक म्हणतात मी दडवलं. पहिली गोलकीपर गेली असती तर चषक गेला असता, म्हणून. पण माझा आवाज बघा. ‘हो बाबा’ म्हटलं असतं तर त्यांना बैल हंबरल्यासारखं वाटलं असतं.”

मामांना हसू आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. त्यांनी विचारलं, दुसरी गोलकीपर कशी आहे?

“चिमणी? सरावात पोलादी दार. पण तीन वर्षांत एक सामना मिळाला नाही बिचारीला. सामन्याआधी मी नावं वाचतो ना, तेव्हा चेहरा पांढराफटक. वाचून झाली की बाटलीभर पाणी घटाघटा पिते. निराशा गिळते, दुसरं काय.”

मामांनी हे वहीत लिहून घेतलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

* * *

भाचीकडून मग आणखी एक गोष्ट कळली. तिकडच्या भिंतीतल्या पिना वेगळ्या, आणि दोघींत मिळून अ‍ॅडॅप्टर एकच. आळीपाळीने फोन चार्ज करायच्या. बुधवारी दुपारी पाळी भाचीची होती, म्हणून फोन खोलीतच लावलेला. खोलीच्या चाव्या तीन. दोन या दोघींच्या आणि तिसरी संघाच्या व्यवस्थापक बाईंकडे.

बाईंवर सगळ्यांचाच राग होता. अंतिम सामना होईपर्यंत पोरींच्या फोनमधलं इंटरनेट त्यांनी बंद ठेवायला लावलं होतं. नाहीतर कुणा नातेवाइकाचा निरोप तरी पोचला असता.

बाईंनी मामांना बसा म्हटलं नाही. कपाटातून एक कागद काढून समोर आपटला. गुरुवारच्या सामन्याची खेळाडूंची यादी, बाईंची सही, आणि आयोजकांचा शिक्का. शिक्क्यात वेळही होती. बुधवार, दोन चाळीस.

“कार्यालय आमच्या हॉटेलपासून बसने अर्धा तास. मी कठोर आहे, मान्य. इंटरनेटचं पापही माझंच. पण माझीही आई गेली तेव्हा मी गावाबाहेर होते. मी असं करीन?”

तो कागद मामांनी जपून परत दिला.

आता उरली एकच. पण तिथेच तर गाडी अडत होती. पहिली गोलकीपर घरी गेली असती तर चिमणीचं नशीब उघडणार होतं. तिने तर धावत जाऊन निरोप द्यायला हवा होता. जिच्या पानात पडणार, तीच ताट कशाला लपवील?

मामा बसथांब्यावर बसून राहिले. दोन बस गेल्या. वहीतलं ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. वाचून झाली की पाणी पिते.

एक्स्चेंजमध्ये त्यांना तीनदा बढती आली होती. तिन्ही वेळा त्यांनी ती नाकारली. यादी लागायच्या दिवशी त्यांच्या हातांना कापरं भरे, आणि आपलं नाव वगळलेलं दिसलं की ते माठापाशी जाऊन दोन पेले पाणी पीत. लोक म्हणत, काय निरिच्छ माणूस आहे. कसला निरिच्छ? घाबरट होता, एवढंच.

तिसरी बस आली. मामा उठले. त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळालं नसतं तर बरं, असं वाटत होतं.

* * *

रविवारी सकाळी चिमणी भाचीची बॅग घेऊन आली. मामांनीच तिला दाजींच्या घरी बोलावलं होतं. लहानखुरी मुलगी, आणि ती बॅग तिच्याहून मोठी. गोलकीपरचे पॅड, शिरस्त्राण, सगळं त्यात. दाराची एकच फळी उघडी होती; बॅग आत येईना. तिने ती पायरीवरच ठेवली. चिमणीच्या नावाची विमानाची चिठ्ठी अजून पट्ट्याला लोंबत होती.

दाजी खिडकीशी, भाची भिंतीला टेकून. मामा उभे राहिले.

“दाजी, मला एकदमच बोलू द्या, थांबलो तर जमणार नाही. बुधवारी तुमचा फोन लागला, कुणीतरी उचलला, तुमचा निरोप ऐकला. पण ती ही नव्हे. त्या वेळी ही मैदानावर होती, चार माणसांसमोर. फोन खोलीत चार्ज होत होता. बाई अर्धा तास लांब होत्या, शिक्क्याचा कागद मी पाहिलाय. खोलीत जाऊ शकेल अशी एकच उरते.”

चिमणीने खाली बघितलं.

“पण मला खूण पटली ती या बॅगेने. बेटा, तू हिची बॅग आपल्या नावावर का चढवलीस? विमान उतरलं तेव्हा हिला स्वतःला घाई नव्हती. घरी काय झालंय ते हिला ठाऊकच नव्हतं. मग हिला घाईने घरी पोचवायची तळमळ तुला का? घरी धावावं असं काही घडलंय, हे त्या विमानात तुला एकटीलाच ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुझ्या मनातलं या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.”

मामांचा आवाज खाली आला.

“कारण मला आधी समजेना. सगळ्यांना वाटतं राखीव खेळाडूला खेळायचं असतं. तुला नको होतं. नावं वाचून संपली की तुझा जीव भांड्यात पडायचा. ही गेली असती तर गुरुवारी गोलात तू उभी राहिली असतीस.”

“मी सांगणार होते,” चिमणी म्हणाली. आवाज खरोखर बारीक होता. “स्क्रीनवर ‘बाबा’ आलं म्हणून उचलला. ती खोलीत नाही एवढं सांगायला. ते एकदम बोलायला लागले. माझ्या तोंडून ‘हो बाबा’ निघून गेलं. ती आली की सांगू म्हटलं. मग गुरुवारचा सामना डोळ्यांपुढे आला. माझ्यामुळे सगळे हरतील. मग म्हटलं सामना झाल्यावर. मग म्हटलं अंतिम सामना झाल्यावर.”

“फोनमधली नोंद कधी पुसलीस?” मामांनी विचारलं.

“तेव्हाच,” ती म्हणाली. “फोन ठेवल्या ठेवल्या.”

भाचीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “सामन्याआधी माझे पॅड तू बांधत होतीस. गुरुवारी, मग अंतिमच्या दिवशी, रविवारी. तुझे हात थरथरायचे. मला वाटलं, हिला माझी काळजी.”

बाईंना मी स्वतः सांगते, सरांनाही, एवढं पुटपुटून चिमणी पायऱ्या उतरली. कुणी तिला थांबवलं नाही.

मामा खाली बसले. आणखी एक सांगायचं राहिलं होतं, आणि ते सर्वांत अवघड होतं.

“दाजी, दोष माझाही आहे. ट्रंकवर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, निरोप दिला की समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. त्याने म्हटला तरच पोचला. तुमच्यासाठी युक्ती काढताना मीच ते विसरलो. ती रोज सांगत होती, मी ठीक आहे. घरी काय चाललंय ते तिला कळलंय की नाही, याची खूण माझ्या त्या रिंगेत कुठेच नव्हती.”

दाजी खिडकीबाहेर बघत होते.

“मी परत फोन करायला हवा होता,” ते म्हणाले. “एकदा तरी.”

“बाबा,” भाची म्हणाली, “आई काय म्हणाली?”

दाजी खिडकीपासून वळले. “विचारायची, कुठवर आली. मी सांगायचो. निघाली. विमानतळावर आहे. विमानात बसली. शुक्रवारी सकाळी म्हटलं, उतरली, आता येतेच आहे. तर म्हणाली, दाराच्या दोन्ही फळ्या उघडून ठेवा. तिची बॅग एका फळीतून मावत नाही.”

ते उठले. दाराशी जाऊन त्यांनी दुसऱ्या फळीचा वरचा खटका खाली ओढला. तो गंजला होता. दोन्ही हात लावावे लागले. खालचा त्यांनी पायाने सरकवला. फळी करकरत उघडली आणि पायरीवरची बॅग पूर्ण दिसली.

“बॅग आत घे,” ते म्हणाले.

भाची पुढे आली. तिने बॅगेचा पट्टा धरला.

“बॅग आत घेते, बाबा.”

मामांनी डोळे मिटून घेतले.