आज माझी पाळी

मोबाईल उलटे ठेवा सगळ्यांनी, डोळ्यात उजेड येतो. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसायचं नाही. ज्या घरात हे घडलं ती माणसं अजून आहेत, माझ्या रोजच्या बघण्यातली आहेत.

तेव्हा माझं औषधांचं दुकान होतं आणि समोर लाँड्री. खाली दुकान, वर दोन खोल्यांत लाँड्रीवाल्याचं बिऱ्हाड. जानेवारीतला शेवटचा शनिवार. मी शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्याची थोरली आली. पंधरा वर्षांची पोर, वयाच्या मानानं जरा जास्तच शहाणी. धाकट्याला खोकला झालाय, औषध द्या म्हणाली. मी बाटली दिली, किती पाजायचं ते सांगितलं. तर विचारते, “काका, यानं झोप लागते ना?” म्हटलं, लागते थोडीफार, पण सांगितलंय तेवढंच दे हो. मान डोलावून गेली. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, पुष्कळ दिवसांनी. जसं ऐकलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

त्या घरातली आई आदल्या जूनमध्ये गेली होती. आजारपण बरंच लांबलं. थोरलीनं शाळा सांभाळून आईचं सगळं केलं. अंग पुसलं, भरवलं, रात्री जागवल्या. धाकटा आठ वर्षांचा, त्याला मावशीकडे ठेवलं होतं. आई गेली आणि माणसांची रीघ लागली. जो येई तो धाकट्याला पोटाशी धरी. कुणी खेळणं आणलं, कुणी बूट आणले, मामानं तर सायकल घेऊन दिली. आणि थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून सगळे एकच वाक्य बोलायचे, आता तूच त्याची आई.

बघा म्हणजे. जिची आई गेली तिलाच सांगायचं, तू आई हो.

बरं, ती झालीही. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याची नखं कापणं. रडली मात्र एकदाही नाही. लोक म्हणाले, काय समंजस पोर आहे! समंजस कसली, आतून धुमसत होती. बाबांनी धाकट्याच्या ताटात न मागता वाढलं की ही आपल्या ताटातलं मोजत बसायची. आतली खोली, जिथं आई शेवटपर्यंत होती, ती हिला हवी होती. ती मिळाली धाकट्याला, कारण तो रडला. ही बाहेरच्या खोलीत. तिला स्वतःची लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून मत्सर थोडाच जातो?

धाकट्याचेही हाल होतेच. रात्री दचकून उठायचा, अंथरूण ओलं करायचा, शाळेत पोरांना चावायचा. आणि डिसेंबरमध्ये गडी एकाएकी सुधारला. जेवायला लागला, हसायला लागला, नऊ वाजले की आपणहून झोपायला जायला लागला. बाबांनी विचारलं तर म्हणाला, आई येते ना रात्री. पलंगावर बसते, थोपटते.

बाप घाबरला, शाळेतल्या बाईंना भेटला. त्या म्हणाल्या, मुलं आपापली वाट काढतात, रागावू नका, हळूहळू थांबेल. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. बाप निर्धास्त झाला.

थोरलीला मात्र ते ऐकून काळजावर कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. जागरणं केली मी. आणि आई येते कुणाकडे? जो मावशीकडे पत्ते खेळत बसला होता त्याच्याकडे. पुष्कळ दिवस तिनं गिळलं. मग एकदा त्याचं दप्तर भरता भरता, सहज विचारल्यासारखं विचारलं, “माझ्याबद्दल काय म्हणते रे?”

धाकटा खोटं बोलणारा नव्हता. विचार करून म्हणाला, “तुझं काही विचारत नाही, ताई.”

झालं. माशाचा काटा अडकावा तसं ते वाक्य अडकलं.

त्या शनिवारी बाप बाहेरगावी गेला होता. एका हॉटेलच्या चादरी पोहोचवायच्या होत्या, तो सकाळीच परतणार होता. थोरलीनं धाकट्याला औषध पाजलं, मी सांगितलं तेवढंच. तो गाढ झोपल्यावर त्याला उचललं, बाहेरच्या खोलीत आपल्या अंथरुणावर ठेवलं. आणि स्वतः आत जाऊन त्याच्या पलंगावर आडवी झाली. त्याचं पांघरूण डोक्यावरून घेतलं. तिच्या मनात भीती नव्हती म्हणे. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं फक्त.

अकरा वाजून गेले. रस्ता निजला.

मग खाली, बंद दुकानात, हँगर वाजला.

दांड्यांवर कपडे टांगलेले असतात ना ओळीनं? त्यांतून कुणी वाट काढत चाललं की कसे वाजतील… एक. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. मग जिना. पावलं नाहीत वाजली. पायऱ्या करकरल्या नुसत्या.

खोलीत साबणाचा वास आला. ओल्या कपड्यांचा.

पलंगाची कड खाली दबली.

कुणीतरी बसलं होतं.

आणि पांघरुणावर हात आला. थोपटायला लागला. हळू, संथ, मध्येच जरा थांबून. ती लय तिला पाठ होती. पांघरुणाच्या आत तिच्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस जे दुसऱ्याला मिळत होतं ते आज तिला मिळत होतं. तिनं श्वास रोखून धरला. हे संपू नये, एवढंच.

हात डोक्यावरून खांद्यावर आला. पाठीवर आला. गुडघ्यांवर आला…

आणि पुढे गेला.

धाकट्याचे पाय तिथं संपायचे. हिचे संपत नव्हते.

हात थांबला.

मग मागे फिरला, गुडघे पुन्हा चाचपले…

“तो कुठंय?”

आवाज आईचाच. जवळून आलेला. श्वास मात्र नाही त्यात.

“आई… मी आहे.”

पांघरुणावरचा हात उचलला गेला.

“आई, मी. थोरली.”

“तो कुठंय? आज त्याला न्यायचंय.”

पोरांनो, तिनं माझ्यापासून लपवलं नाही, म्हणून मीही लपवत नाही. तिला आधी भीती नाही वाटली. आधी वाटलं, नेतेय… तेही त्यालाच. शब्द ओठांवर आले होते तिच्या. बाहेर निजलाय, ने. ने एकदाची.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत धाकटा खोकला. झोपेतला, बारका खोकला.

पलंगाची कड वर आली.

उठली होती ती.

थोरलीनं पांघरूण फेकलं. अंधारात हात घातला. मनगट लागलं. गार. ओलं. नुकत्या पिळलेल्या कपड्यासारखं. तिनं ते घट्ट धरलं.

“सोड.”

“नाही.”

“सोड. उशीर होतोय.”

“नाही सोडणार,” थोरली म्हणाली. “इतके दिवस त्याच्याजवळ बसलीस. आज माझी पाळी.”

मनगटाला ओढ बसली. तिनं पलंगाच्या लोखंडी दांड्याला पाय लावला आणि बोलायला लागली. जे कुणापाशी बोलली नव्हती ते सगळं. मी रात्री जागले तेव्हा तू त्याचंच नाव घ्यायचीस. सायकल त्याला, खोली त्याला, तू पण त्याला. मी कुणाची? रडत होती, भांडत होती, शिव्यासुद्धा दिल्या म्हणाली. पलीकडून फक्त ओढ. कधी जोरात… कधी अगदी हलकी. बाहेरून खोकला आला की जोरात.

ती सोडेना.

पहाटे दुधाची गाडी वाजली, तेव्हा तिची मूठ रिकामी होती. कधी झाली, कळलं नाही. ती धडपडत बाहेर गेली. धाकटा तोंड उघडं टाकून घोरत होता. अंगाला हात लावला. ऊब होती.

त्यानंतर आई आली नाही. धाकट्यानं दोन-चार रात्री वाट पाहिली आणि मग जे रडला… जूनमध्ये रडायला हवं होतं तसं, आत्ता रडला. ताईवर उखडला. तू माझी जागा घेतलीस म्हणून आई रुसली, म्हणाला. बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनं त्याला एका शब्दानं सांगितलं नाही, आई कशाला आली होती ते. मग एका रात्री स्वतःच उशी घेऊन तिच्या अंथरुणात शिरला. दोघं पोटभर रडली. बाप उठून बसला, त्यानं दिवा लावला नाही, मुकाट्यानं दोघांच्या मध्ये येऊन बसला. त्या दिवसापासून ते घर मार्गी लागलं म्हणायचं. पोरं भांडायला लागली, चारचौघांच्या पोरांसारखी. धाकटा आता तिच्यापेक्षा उंच झालाय, आणि अजून तिला दबकून असतो.

आता म्हणाल, तिनं हे मलाच का सांगितलं? मलम मागायला आली होती. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. सोडून दाखवला. हाताच्या पाठीवर चार पट्टे होते, आडवे. तिथली कातडी पांढरी, सुरकुतलेली. तासन् तास पाण्यात राहिल्यावर होते ना, तशी. बाकी हात कोरडा ठणठणीत. मी मलम दिलं, मग दुसरं दिलं, मग कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. काही उपयोग झाला नाही. परवा पाहिला तेव्हाही होते तसेच होते.

तिनं मनगट धरलं होतं. मग खूण तळव्यावर हवी. तळवा स्वच्छ आहे. खूण वर आहे, मुठीच्या पाठीवर. चार बोटांची.

मी तिला विचारलं होतं, रात्रभर तुझी मूठ एका हातावर होती, मग आईचा दुसरा हात कुठे होता?



मग तिनं तो हात पुन्हा ओढणीत गुंडाळला. हळूच. कुणाच्या तरी हातावर हात ठेवावा तसा.