डावखुऱ्याच्या जोडीनं एक महिना

गहिनीनाथ बांधावर बसून कोयत्याला कानस लावत होता आणि चार हातांवर त्याची बहीण चांगुणा पाचटावर बसून होती. सूर्य नुकता कासराभर वर आलेला. दिवसाचं काम अजून सुरूही झालं नव्हतं आणि पोरगी दमली होती. अंगानं तर दमलीच होती. ऊसतोडीला येऊन अडीच महिने झाले म्हणजे हातापायांचं काय होतं ते तोडणाऱ्यालाच ठाऊक. पण आज मनही दमलं होतं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

कारण एवढंच, की आज सकाळीच मच्छिंद्र त्याच्या म्हाताऱ्या आईला गाडीत बसवून संगमनेरकडच्या टोळीत निघणार होता.

"महिना कसा गेला गं?" गहिनीनाथनं धार बोटानं बघत विचारलं. "मी नव्हतो तर लई हाल झाले आसतील."

"गेला," चांगुणा म्हणाली.

गेला! काय पण उत्तर. अहो, त्या एका शब्दाच्या मागं तिच्या मनात केवढं काय काय दाटून आलं होतं... पण भावाला काय सांगणार?

ही टोळी तिसगावच्या बाजूची. कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या काठानं उसाचे फड, आणि फडाला लागून पाचटाच्या वीस-बावीस कोप्या. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या. एकटा आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुठलाच मुकादम खुशीनं उभा करत नाही. गहिनीनाथची बायको बाळंतपणाला घरी राहिली, म्हणून त्यानं बहिणीला जोडीला आणलं होतं. मच्छिंद्रनं आणलं होतं आईला. पण गोजरबाईची कंबर दिवाळीनंतर जी धरली, ती धरलीच. तेव्हापासून म्हातारी बांधावर बसून चहा करायची आणि सगळ्या टोळीला नावं ठेवायची.

महिन्यामागं, म्हणजे तिकडं बांगलादेशची लढाई ऐन भरात आली होती आणि फाट्यावरच्या हॉटेलात रेडिओभोवती माणसं गोळा व्हायची तेव्हा, गहिनीनाथचा कोयता उसावरून सटकला आणि नडगीवर बसला. रक्ताचं थारोळं झालं. टाके पडले, आणि महिनाभर पाय टेकायचा नाही असं सांगून डॉक्टरनं त्याला गावी धाडलं. मागं राहिली चांगुणा. तिला टोळीतल्या छबूबाई चुलतीच्या कोपीत झोपायला जागा मिळाली, पण कामाचं काय?

आप्पा मुकादमानं डोकं खाजवलं. "ही एक अर्धी, मच्छिंदर एक अर्धा. म्हातारी संगं हायच बांधावर. लावा जोडी! गहिनी येईस्तवर."

तोवर चांगुणानं मच्छिंद्रला नीट पाहिलंही नव्हतं. उंच, सावळा, मान खाली घालून चालणारा. पहिल्या सकाळी ती सवयीनं त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, तर तो एकदम थांबला.

"तिकडून न्हाई. माज्या उजवीकडं ये."

"का म्हून?"

"डावखुरा हाय मी. कोयता डाव्या हातात. तिथं हुबी ऱ्हायलीस तर तुजीबी तुज्या भावावानी वरात निघंल दवाखान्यात."

चांगुणाला हसू आलं. भाऊ गावी गेल्यापासून पहिलंच. ते त्यानं पाहिलं... आणि पुढचा ऊस त्याच्याकडून जरा वरतीच तुटला.

"आरं, बुडातून तोड!" गोजरबाई बांधावरून ओरडली. "चित कुटं हाय?"

दोन दिवस चांगुणाचा गोंधळ उडाला. आयुष्यभर जे डाव्या हाताला पडायचं ते आता उजव्या हाताला पडत होतं. शेंडे उलटे, बुडखे उलटे. तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप जायला लागले. त्यानं टाकावं, तिनं उचलावं. बोलावं लागेना. तो कधी थांबणार, कधी कपाळाचा घाम पुसणार, हे तिला पाठीमागून कळायला लागलं. काम तेवढंच होतं, उलट थंडी वाढली होती, पाचटानं हात तसेच चरचर कापत होते. पण संध्याकाळी पाठ टेकताना ती कण्हायची ती जरा गोडीनंच कण्हायची, हे छबूबाईच्यासुद्धा ध्यानात आलं नाही.

चहाचं तर काय सांगू! गोजरबाईकडं कान तुटलेला एकच कप आणि एक जर्मनचं झाकण. मच्छिंद्र झाकणात घ्यायचा, कप हिच्याकडं सरकवायचा.

"कप तुमी घ्या की. तुमी जास्त दमता."

"मी कवा म्हनलो दमलो म्हून?"

"म्हनत न्हाई, पन दिसतं."

"म्हंजी... बघतीस व्हय माज्याकडं?"

"इश्श! म्होरंच तर आसता दिसभर. बघू न्हाई तर काय डोळं मिटून मोळ्या बांधू?"

मधे एकदा शेजारच्या गुऱ्हाळावरून त्यानं गरम गूळ आणला, उसाच्या कांडक्याला गुंडाळून. चांगुणानं अधाशासारखा मोठा घास घेतला आणि दातच चिकटले. तोंड उघडेना. मच्छिंद्रनं इकडंतिकडं पाहिलं. म्हातारी लांब होती.

"आता बोलता येत न्हाई ना? मंग ऐक," तो उसाकडं बघत म्हणाला. "मी ह्या वर्साला मधीच सोडून घरी जानार व्हतो. आई बसली, जीव लागत नव्हता. आता... ऱ्हातो मी हंगाम सरंस्तवर. एवडंच."

चांगुणा गूळ चघळत राहिली. गूळ विरघळला तेव्हा तो चार सऱ्या पुढं गेला होता. असा लबाड!

आणि कारखाना दोन दिवस बंद राहिला तेव्हाची ती नदी! पंधरा दिवसांनी बायांना केस धुवायला मिळाले. चांगुणा काठावर केस वाळवत बसली होती आणि मच्छिंद्र खालच्या अंगाला बैल धूत होता. एकच बैल. पुन्हापुन्हा तोच. दुसरा बिचारा कोरडा उभा.

"आरं, कातडं तरी ठिव त्याचं!" गोजरबाईनं हाक दिली, आणि सगळ्या बाया खळखळून हसल्या. चांगुणानं केस पुढं घेऊन तोंड झाकलं. संक्रांतीआधी एकदा भुरभुर पाऊस आला तेव्हा ती दोघं गाडीखाली बसली होती, ती पण मधे म्हातारी. म्हातारीच्या पदराआडून त्याची नजर यायची, हिची जायची... आणि म्हातारी खुशाल तंबाखू मळत बसलेली.

एवढंच. एवढ्याच या महिन्याच्या गोष्टी. कुणी कुणाचा हात धरला नव्हता, कुणी काही कबूल केलं नव्हतं.

आणि काल संध्याकाळी गहिनीनाथ एस.टी.तून उतरला. सगळ्यांनी त्याला मुलगा झाला म्हणून पेढे मागितले, पायाची खूण पाहिली. आप्पा मुकादम तिथंच बोलून गेला, "मच्छिंदर, तू आता सुटा पडलास. संगमनेरकडं माज्या मेव्हन्याच्या टोळीत एक बाई एकटी हाय. उद्या सकाळी निघ."

यावर मच्छिंद्र काय म्हणाला असेल? "बरं."

नुसतं बरं! चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. महिनाभर जीव गुंतवला आणि शेवटाला काय, तर बरं? ती रागानं कोपीत गेली आणि रागाचं रडू कधी झालं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"चल गं," गहिनीनाथ उठला. "सरी धरू."

त्यानं पहिला ऊस तोडला. चांगुणा मागून आली आणि वाकली. तोच गहिनीनाथ किंचाळला, "ए! बाजूला!"

कोयता तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर थबकला होता. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती, कोयत्याच्या बाजूला.

"ध्यान कुटंय तुजं? डावीकडं ये!"

ती डावीकडं गेली. तीन ऊस पडले, चौथ्याला पाय पुन्हा उजवीकडं. गहिनीनाथनं शिवी गिळली. परत डावीकडं. आता तिनं मोळी बांधली तर शेंडे बुडख्याकडं आणि बुडखे शेंड्यांकडं. अहो, लहानपणापासून मोळ्या बांधणारी पोरगी! आणि तिसऱ्यांदा जेव्हा ती कोयत्याखाली शिरली, तेव्हा गहिनीनाथनं कोयता जमिनीत रोवला आणि मटकन खाली बसला.

"मारलं आसतं की गं मी तुला आज..."

"चुकलं दादा."

"चुकलं न्हाई. त्या डावऱ्याच्या जोडीनं हात उलटा बसलाय तुजा." तो समजुतीनं म्हणाला, "हुईल. दोन-चार दिसांत हात वळंल परत."

इथं चांगुणानं हो म्हणायला हवं होतं. दिवस सरळ गेला असता, गाडी निघून गेली असती. पण ती इतकी दमली होती, की खोटं बोलायलाही त्राण उरलं नव्हतं.

"मला न्हाई वळवायचा," ती म्हणाली.

गहिनीनाथ बघतच राहिला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती. लांब कोप्यांकडं कुणीतरी गाडी जुंपायला काढत होतं, चाकाचा कुरकुर आवाज येत होता.

"काय बोलला का तो तुला?" शेवटी त्यानं विचारलं. आवाज भावाचा होता, थोडा कडक.

"कायबी न्हाई."

"आन् तू?"

"म्या बाईमानसानं काय बोलावं?"

"महिनाभर दोगंबी मुकी?" गहिनीनाथनं कपाळावर हात मारला. मग तो नडगीवरचा व्रण चोळत बसला. पोरगा कष्टाळू होता. निर्व्यसनी होता. घराणं माहितीतलं, नात्यागोत्यात बसणारं. आणि बहीण काही कुणासाठी अशी कधी रडली नव्हती. "मी आप्पाला बोलंन, माज्या जोडीचंबी कायतरी बघंल तो. पन त्या आदी त्याच्या मनात काय हाय ते मला कळाया पायजे. जा. मी हितं बसलोय. गाडी रस्त्याला लागायच्या आत इचारून ये."

"मी?"

"मंग काय मी इचारू, माजी बहीन आवडती का म्हून? जा!"

चांगुणा निघाली. धावावंसं वाटत होतं, पण पाय शिशाचे झाले होते. कोप्यांपाशी पोचली तेव्हा गाडीत गाठोडी भरून झाली होती, त्यांवर गोजरबाई पाय पसरून बसली होती आणि मच्छिंद्र दुसऱ्या बैलाच्या मानेवर जू ठेवत होता.

"निगालात?" ती म्हणाली.

"व्हय." त्यानं मान वर केली नाही.

"नुसतं व्हय? काल नुसतं बरं, आज नुसतं व्हय. दुसरं कायच येत न्हाई का तुमाला?"

आता त्यानं पाहिलं. डोळे तारवटलेले. रात्रभर तोही झोपला नसावा.

"काय बोलू चांगुने? तुज्या भावानं भरवशानं तुला माज्या जोडीला ठिवली. तो तिकडं पाय धरून पडलेला, आन् मी हितं त्याच्या बहिनीला... कसं बोलायचं? तो आला आन् मला वाटलं, आता बोलू. तर आप्पा म्हनला जा." तो थांबला. "संगमनेरकडं कोन बाई हाय, मला ठावं न्हाई. तिला सांगावं लागंल, उजवीकडं हुबी ऱ्हा म्हून. ते सांगायचा कालपासून कटाळा आलाय मला."

"नगा सांगू मंग."

"म्हंजी?"

चांगुणानं गाडीचं चाक धरलं. उभं राहवत नव्हतं म्हणून की सांगायला आधार लागत होता म्हणून, कोण जाणे.

"दादा बांधावर बसलाय. त्यानंच धाडलंय. इचारतोय, तुमच्या मनात काय हाय." ती एका दमात बोलत गेली, थांबली असती तर परत बोललीच नसती. "माज्या मनातलं मी त्याला सांगितलं. आवो, मी लई दमलीया. आंग दुखतंय, हात सोललेत. पन ह्या महिन्यात एकबी दिस मला असं वाटलं न्हाई, की आता दिस मावळावा. मोळ्या संपू नये वाटायचं. ऊस तुटून फड मोकळा दिसला की रडाया यायचं मला... सगळी टोळी खूस, आन् मी एकटी येडी रडतीया!"

मच्छिंद्रचा हात जुवावर तसाच राहिला. मग तो हसला... आणि त्याचे डोळे भरून आले.

"मी कामून एवडा सावकाश तोडत व्हतो, वाटलं तुला?" तो म्हणाला. "आप्पा रोज बोलायचा, मच्छिंदर, तुजा हात मंदावला. मंदावलेला न्हवता. मीच..."

दोघांच्या मधे बैलाचं तोंड होतं आणि बैल दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

"ए," गाडीतून गोजरबाईचा आवाज आला. ती तिथंच होती, गाठोड्यांवर, पहिल्या शब्दापासून. दोघंही दचकली. "जायाचं का ऱ्हायाचं, एकदाचं काय ते ठरवा. कंबर मोडली माजी. आन् ऱ्हायाचं आसंल तर पोरी, तुज्या भावाला म्हनावं पयली सुपारी फोड. सुपारी फुटल्याबिगर मी तुमा दोगांच्या मधी बसून दुसरा महिना काडनार न्हाई. मलाबी जीव हाय."

मच्छिंद्रनं जू काढून ठेवलं आणि आईला उतरवायला दोन्ही हात पुढं केले. दुसऱ्या बाजूनं चांगुणानं म्हातारीला धरलं.

"सावकाश," गोजरबाई म्हणाली, "सून न् ल्योक मिळून पाडताल मला."